उतरलो आणि उतरलोच

दांडा मी फिरवला. तीन फेरे.

तालुक्याच्या लाइनीवर घंटी गेली. गावापासून मैलभरावर, ओढ्याच्या पुलाशी, खांबाच्या टोकावर तारमामा त्याच लाइनीची उघडी तार हातात धरून उभे होते. घंटीचा करंट माणसाला मारत नाही, नुसता झटका देतो. जमिनीवर उभा असलेला माणूस हात झटकतो, एक शिवी देतो आणि कामाला लागतो. मामा जमिनीवर नव्हते. खाली यायचं म्हणून त्यांनी कमरेचा पट्टाही सोडला होता.

माझ्या कानात एवढंच आलं : टण्. लोखंडावर काहीतरी आपटावं तसं. मग पुन्हा टण्, मग पुन्हा, जरा हळू. त्या आवाजावरच तालुक्याच्या ऑपरेटर बाईचं ‘हॅलो’ आलं आणि मी बोलायला लागले. दवाखाना द्या म्हणाले. जीप पाठवा म्हणाले. गावाचं नाव सांगितलं, बाई अडली आहे म्हणून सांगितलं, आणि सगळा वेळ ते टण् टण् चालूच होतं. मामांचा तपासायचा फोन वायरीला लोंबकळत खांबावर आपटत होता. ते मला बोलणं संपल्यावर कळलं.

तारमामा आमच्या गावच्या टेलिफोनचे लाइनमन. गारगोटी रस्त्यावरचं आमचं गाव, दर आठवड्याला बाजार भरायचा, म्हणून सत्तरच्या आगेमागे तिथं दोन खोल्यांचं टेलिफोन ऑफिस आलं. त्यात एक बोर्ड, बोर्डाला पंचवीस नंबर, एक ऑपरेटर, एक लाइनमन आणि झाडलोट करायला, पाणी भरायला मी. ऑपरेटरला सगळे आप्पा म्हणायचे. लाइनमनला लहान पोरांनी तारमामा नाव दिलं आणि तेच राहिलं. ते गावातल्या मशिदीमागच्या गल्लीत राहायचे. त्यांचे आजोबाही याच गावचे. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला अक्का म्हणायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, “मी बारकी हाय, मला अक्का कशाला?” तर म्हणाले, “ऑफिसात झाडू जिच्या हातात, ती सगळ्यांची थोरलीच की.”

त्यांची एक सवय बघून नवा माणूस हसायचा. रस्त्यानं जाताना सायकल थांबवायची आणि लोखंडी खांबाला कान लावायचा. डोळे मिटून उभे राहायचे, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे. तारांचा गुणगुण आवाज खांबातून खाली येतो, तो ऐकायचे. एकदा मला म्हणाले, “लाव कान.” मी लावला. नुसता भुंगा फिरल्यासारखं वाटलं. म्हणाले, “ह्यो बरा हाय. आजारी पडला की घशात घरघर येती.” मला घरघर कधी ओळखता आली नाही. ते मात्र कान लावून सांगायचे, पुढच्या तिसऱ्या खांबावर वाटी फुटली आहे. जाऊन बघावं तर तार जिला बांधतात ती पांढरी चिनी मातीची वाटी खरंच फुटलेली असायची.

बोर्ड मला त्यांनी शिकवला. मी चौथी पास. आप्पांना ते पसंत नव्हतं. बाईमाणूस, झाडूवाली, तिला बोर्डाचं काय? मामा म्हणाले, “आप्पा, तुमाला ताप आला तर गाव मुकं करनार काय?” मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला बोर्डासमोर बसवायचे. प्रत्येक नंबराला एक भोक आणि भोकावर एक बारकी झापड. कुणी आपल्या घरातून फोनचा दांडा फिरवला की त्याची झापड पडते. मग आपण त्याच्या भोकात दोरीचं एक टोक घालायचं, कोण पाहिजे ते विचारायचं, दुसरं टोक त्या दुसऱ्याच्या भोकात घालायचं, दांडा फिरवून त्याच्याकडं घंटी द्यायची. झाली जोडणी.

लोक नंबर सांगायचेच नाहीत. “दादांना द्या,” म्हणायचे. गावात दादा सात. मामांनी मला पहिल्यापासून बजावलं, “नाव इचारू नको, नंबर इचार. नाव म्हंजे टोपी, आज ह्येच्या डोक्यावर, उद्या त्येच्या. नंबर म्हंजे उंबरा. उंबरा हालत न्हाय.” आणि दुसरं सांगितलं, “दोघं बोलाय लागली की आपुन मधी ऱ्हायाचं न्हाय. कान काढायचा.” आप्पा कान काढत नसत. गावातली निम्मी भांडणं आप्पांना आधी कळायची. मी काढायचे.

आता खुंटीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मामा खांबावर असताना त्या लाइनीवर चुकून कुणी घंटी दिली तर झटका बसणार. म्हणून त्यांनी बाभळीची एक खुंटी तासून तिला लाल रंग दिला होता. चढायच्या आधी ते फोनवरून सांगायचे, “चढतो.” की आपण त्या लाइनीच्या भोकात खुंटी ठोकायची. भोकच बंद, मग दोरी घालणार कुठं? काम झाल्यावर ते वरून फोन करायचे, झापड पडायची, आपण खुंटी काढून ऐकायचं. म्हणायचे, “जोडलं.” लगेच खुंटी परत जागेवर. मग ते खाली यायचे. तपासायच्या फोनच्या वायरी लांब होत्या, खांबाच्या बुडापर्यंत यायच्या. जमिनीवर पाय टेकले की तिसरा शब्द : “उतरलो.” मग खुंटी कायमची काढायची आणि लाइन चालू.

चढतो, जोडलं, उतरलो. एवढे तीन शब्द. चौथा नाही. मला त्यांनी ते पाढ्यासारखे म्हणायला लावले होते.

आपल्या लोकांच्या बोलण्याची त्यांना एक चीड होती. आपण हाक आली की जागेवरून न हलता ‘आलो’ म्हणतो. चप्पल पायात नसते आणि ‘निघालो’ म्हणतो. एकदा गावातल्या एका मुलीला बघायला हातकणंगल्याहून पाव्हणे यायचे होते. अकरा वाजले तरी पत्ता नाही. मुलीचा बाप ऑफिसात येऊन बसला, आप्पांनी जोडून दिलं. तिकडून मोठ्यानं आवाज आला, “निघालोच की पावणं! ह्ये बघा, निघालोच!” आणि मागं तांब्यानं अंगावर पाणी ओतल्याचा आवाज. मामा दारात उभे होते, त्यांनाही ऐकू आलं. म्हणाले, “पावणं न्हाणीतनं निघालेत वाटतं.” मुलीचा बापही हसला, पण घरी मांडलेले पोहे गार झाले ते झालेच.

मग मामा मला म्हणाले, “ह्यो च लई वंगाळ. निघालो म्हंजे निघाला असंल, न्हायतर नसंल. पर निघालोच म्हणला की समज, अजून घरातच हाय. आलोच, झालंच, दिलंच. च आला की काम ऱ्हायलंय. खांबावर आसलं चालत न्हाय, अक्का. उतरलो म्हंजे पाय मातीला.”

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला त्यांना डोंगरावर ड्यूटी लागायची. तिथून परत यायचे ते डोक्यावरच्या टोपीपासून सायकलच्या चाकापर्यंत गुलाबी. त्यांची बायको, तिला आम्ही सगळे मामी म्हणायचो, दारातच ओरडायची, “आता ह्ये कोन धुनार?” मामा म्हणायचे, “खांबावर चढलेल्याला देव वर बघतोय, गुलाल खालनं बसतोय. मी काय करू?” मामी तीन पाण्यांनी टोपी धुवायची. ईदेला शिरखुर्म्याचं भांडं माझ्या घरी यायचं ते मामी स्वतः घेऊन यायची, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. मूलबाळ नव्हतं त्यांना. मला नवरा नव्हता, एक पोरगा तेवढा पदरात. बरं चाललं होतं.

तो दिवस वैशाखातला. आदल्या संध्याकाळी वळीव झाला आणि ओढ्याच्या पुलाशी बाभळीची मोठी फांदी तालुक्याच्या लाइनीवर पडली. तार तुटली. मामा सकाळीच गेले. फांदी तोडून बाजूला करायलाच दुपार झाली. मग त्यांचा फोन आला, “चढतो.” आप्पांनी खुंटी ठोकली आणि म्हणाले, “लाइन मेलेलीच हाय, मी जेवून येतो. कोण आलं तर बसवून ठेव.” मी म्हणाले, “जावा, मी बसतो हितं.”

आप्पा गेले आणि पलीकडच्या वाडीतला एक सुतार धावत आला. अंगात नुसती बंडी. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. नर्सबाईंनी तपासून सांगितलं होतं, मूल आडवं आहे, मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर दोन्ही जातील. एसटी संध्याकाळी. बैलगाडीत ती पोचली नसती. तालुक्याची जीप पाहिजे होती, आणि जीप बोलवायची म्हणजे ती लाइन पाहिजे होती.

मी सांगितलं, “तार तुटलीया. जोडायला गेलेत.”

तो खाली बसला आणि माझ्या पायाला हात लावायला लागला. मी म्हणाले, “पाया पडून तार जुळत न्हाय. गप बस.”

तेवढ्यात झापड पडली. खुंटी काढून मी दोरी घातली. मामा म्हणाले, “ऐकू येतंय का?”

“येतंय. मामा, वाडीतली बाई अडलीया. जीप मागवायचीया. लवकर करा.”

“कितवं?”

“पयलंच.”

“तारंला दोन आटं द्यायचं ऱ्हायलेत. खुंटी घाल.”

मी घातली. सुतार माझ्याकडं बघत होता, मी झापडीकडं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. झापड पुन्हा पडली. खुंटी काढली, दोरी घातली.

मामा म्हणाले, “जोडलं. तालुका मिळंल तुला आता. उतरलोच.”

मी खुंटी परत घातली नाही. दांडा फिरवला. पुढचं वर सांगितलं आहे.

जीप निघते असं तालुक्याहून कळलं तेव्हा सुताराला म्हणाले, “बायकोला रस्त्यावर आनून ठेव.” तो पळाला. मग मी लाइनीवर “मामा, मामा” असं ओरडले. टण् टण् आता थांबलं होतं. नुसता वारा येत होता. मी बोर्ड उघडा टाकून निघाले आणि पुलापर्यंत पळत गेले. तेवढी मी आयुष्यात कधी पळाले नव्हते.

मामा रस्त्याच्या कडेला दगडांच्या ढिगावर पडले होते. रस्ता करायला आणून टाकलेली खडी होती ती. डोळे उघडे होते. कमरेखाली हलत नव्हते. कानातून रक्त आलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते म्हणाले, “मिळाला का तालुका?”

“मिळाला. जीप येतीया.”

“मग झालं.”

मी म्हणाले, “मामा, तुमी उतरलो म्हणला.”

ते हसले की कण्हले मला कळलं नाही. म्हणाले, “उतरलोच म्हणलो, अक्का. च लावला मी. तू घाई केलीस, मला वाटलं तुला जरा धीर वाटंल.” आणि थोड्या वेळानं म्हणाले, “लोकांस्नी शिकवत हिंडलो आन् माझ्याच तोंडाला आला. चूक माझी हाय. आप्पाला सांग.”

बऱ्याच वेळानं समोरून धूळ दिसली. मी त्यांचं डोकं हळूच खाली ठेवलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. जीप थांबली. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा माणूस खाली उतरले, मामांना उचलायला वाकले. मामा म्हणाले, “मला न्हाय. तिकडं बाई अडलीया. ती आधी.”

ड्रायव्हर म्हणाला, “चाचा, इथनं माघारी फिरलो तर तासात दवाखान्यात असाल.”

“आन् ती कुठं असंल? तू हो फुडं. परत येताना घे मला. मी काय उठून जात न्हाय.”

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणते ते बघत होता. मी रस्त्यातच उभी होते. मी बाजूला झाले नसते तर ती जीप पुढं गेली नसती.

मी बाजूला झाले.

ती गेली तेव्हापासून परत येईपर्यंत मामा फार बोलले नाहीत. एकदा म्हणाले, मामीला सांग चुलीवरचं उतरव, जेवायला उशीर होतोय. एकदा म्हणाले, कान लावून बघ, खांब बोलतोय का. मी उठून खांबाला कान लावला. गुणगुण येत होती. मी म्हणाले, “बोलतोय.” म्हणाले, “बरा हाय मग.” त्यांच्या अंगावर माझी सावली पडेल अशी मी बसले. याहून जास्त काही मला करता आलं नाही.

जीप आली. आत ती बाई आडवी, तिची सासू, सुतार. मामांना खाली दोन सीटांच्या मध्ये घातलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. ती ओरडत होती. मामा गप्प होते. एका खड्ड्यात जीप आदळली तेव्हा त्या बाईनं खाली हात टाकला आणि हाताला आला तो मामांचा खांदा धरला. तिला तो कुणाचा ते माहीत नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाशी तिनं हात सोडला. तेव्हा मी मामांकडं बघितलं, तर ते संपले होते. कुठल्या वळणावर संपले ते मला सांगता येणार नाही. माझ्या मांडीवर होते आणि मला कळलं नाही.

कोल्हापूरहून चौकशीला साहेब आले. त्याआधी आप्पा माझ्या घरी आले. म्हणाले, “पाय घसरून पडला, एवढंच लिहायचं. बोर्डावर तू होतीस म्हटलं तर माझी नोकरी जाईल, तुझी जाईल, आणि तो काय परत येनार हाय?” साहेबांनी लिहून आणलं होतं, पाय घसरून. मला विचारलं, सही येते का? येते म्हणाले. केली. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा उपयोग झाला.

चाळीस दिवस झाल्यावर मी मामीकडं गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि सांगितलं, “पाय घसरला न्हाय. दांडा मी फिरवला.”

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “ते काय म्हणलं हुतं?”

“उतरलोच.”

तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. तिच्या घरात त्या च चा विषय रोज निघत असणार, तिला तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग तिनं विचारलं, “तुला च ऐकू आला हुता?”

हे मला दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, साहेबांनी नाही. मामांनी मरताना चूक आपल्या अंगावर घेतली, त्यांनीही विचारलं नाही. लाइन स्वच्छ होती. नुकती जोडलेली, त्यांच्या हातची जोड. मला ‘जोडलं’ ऐकू आलं, ‘तालुका’ ऐकू आला, च कसा येणार नाही?

मी म्हणाले, “आला हुता.”

“मग ते वरच हुते.”

“व्हय.”

ती उठून आत गेली. मी बराच वेळ उभी राहिले, मग घरी आले.

त्या वर्षी ईदेला भांडं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. पाण्याला आम्ही एकाच नळावर जायचो. कळशी जड असली की ती माझ्या डोक्यावर चढवून द्यायची, मी तिच्या. बोलायचो ते पाण्याचं आणि भाजीच्या भावाचं. तिनं माफ केलं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी भांडं आलं, पण ते तिनं शेजारणीच्या हातून पाठवलं. मी ते घासून परत नेऊन दिलं, तेही शेजारणीकडंच.

पुढं काही वर्षांनी लोकांना स्वतः नंबर फिरवता यायला लागला आणि आमचा बोर्ड काढला. एका ट्रकात घालून नेला. खुंटी भोकातच होती की कुठं पडली मी बघितलं नाही. आता नातवंडं खिशातला फोन काढतात आणि “आज्जी, आलोच,” म्हणतात. मी जेवण वाढत नाही. दार वाजलं की वाढते. त्यांना वाटतं म्हातारी खडूस आहे.

सुताराच्या बायकोला मुलगी झाली. बाई जगली. मुलगी जगली, तिला लग्न करून गारगोटीत दिली आहे. मामी त्यानंतर चौदा वर्षं जगली. मी अजून आहे.